फिलिपाइन्सची तरुण मते आणि मोबाइलमधला सुवर्णकाळ

ज्यांच्या घरातले कोणी दुबई, कुवेत किंवा दम्मामला नोकरीला आहे, त्यांना फिलिपिनो माणूस अनोळखी नाही. रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी घरांत अब्बांच्या किंवा भाईजानच्या बोलण्यात तो येतो. दवाखान्यातली नर्स, दुकानातला कॅशियर, बांधकामावरचा फोरमन. काम संपले की त्याच्या हातात मोबाइल आणि पडद्यावर घरचे चेहरे. या परदेशी राबणाऱ्या माणसांना त्यांच्या देशाने २००३ च्या कायद्याने परदेशातूनच मत देण्याचा हक्क दिला आणि २०२५ मध्ये तर त्यांतल्या बहुतेकांना इंटरनेटवरून मत देण्याची सोय झाली. आखातातल्या आपल्या माणसाला मात्र मत द्यायचे तर सुट्टी काढून गावच्या केंद्रावर यावे लागते. पण आज आम्हाला लिहायचे आहे ते या सोयीबद्दल नाही. मत टाकण्याआधी ते मनात ठरते कसे, आणि तरुणांच्या बाबतीत ते ठरवण्यात मोबाइलचा वाटा किती, हा आमचा विषय आहे. फिलिपाइन्सच्या २०१६ च्या निवडणुकीबद्दल बोलताना फेसबुकच्याच एका बड्या अधिकारी बाईंनी पुढे त्या देशाला या रोगाचा ‘पहिला रुग्ण’ म्हटले होते. म्हणून दाखला तिथलाच घेऊ.

९ मे २०२२ रोजी तिथे राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले. फर्डिनांड मार्कोस ज्युनिअर यांना ३ कोटी १६ लाखांवर मते पडली. दुसऱ्या क्रमांकावरच्या लेनी रोब्रेडो यांना सुमारे दीड कोटी, म्हणजे निम्म्याहूनही कमी. बोंगबोंग या टोपणनावाने ओळखले जाणारे हे मार्कोस म्हणजे ज्या हुकूमशहाला १९८६ च्या फेब्रुवारीत मनिलाच्या रस्त्यावर उतरलेल्या लाखो लोकांनी पळवून लावले, त्याचे चिरंजीव. मतदारयादीतले निम्म्याहून अधिक मतदार १८ ते ४० या वयाचे होते. म्हणजे १९८६ मध्ये यांतले बहुतेक जन्मलेही नव्हते आणि जे होते ते जेमतेम चालायला शिकलेले. निवडणुकीआधीच्या पाहण्यांत या तरुणांमध्येही मार्कोस खूप पुढे होते.

त्या बापाचा कारभार कसा होता हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये थोरल्या मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या अंदाजानुसार त्या काळात सुमारे ७०,००० माणसे तुरुंगात गेली, ३४,००० जणांचा छळ झाला, ३,२४० जणांचा जीव घेतला गेला. पुढे २०१३ च्या कायद्याने नुकसानभरपाई द्यायचे ठरले तेव्हा सरकारी मंडळाने कागदपत्रे तपासून ११,१०३ जणांना पीडित म्हणून मान्यता दिली. हा पैसा आला तो मार्कोस घराण्याच्या स्विस बँकांतल्या ठेवींतून. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये या ६५ कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या ठेवी सरकारजमा करण्याचा निकाल दिला होता.

आपल्या वाचकांना यातला एक भाग अधिक जवळचा वाटेल. फिलिपाइन्स हा बहुसंख्य कॅथलिकांचा देश आहे, पण दक्षिणेकडच्या मिंदानाओ आणि सुलू बेटांवर शतकानुशतके मुसलमान राहतात. त्यांना मोरो म्हणतात. २०२० च्या जनगणनेत ते सुमारे ७० लाख भरले. १९७४ च्या फेब्रुवारीत लष्कर आणि बंडखोरांच्या लढाईत होलो हे त्यांचे जुने शहर जळून गेले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पालिंबांग भागातल्या मालिस्बोंग गावात सैन्य उतरले. पुरुषांना गावच्या मशिदीत कोंडले आणि नंतर मारले. वाचलेल्यांच्या सांगण्यानुसार मेलेल्यांचा आकडा १,५०० च्या घरात जातो. ही घटना राजधानीतल्या वर्तमानपत्रांत तेव्हा छापून आली नाही, येऊ दिली गेली नाही. पुढची कित्येक वर्षे ती राहिली ती गावच्या बायकांच्या तोंडी. नुकसानभरपाईच्या यादीत त्यांचे नाव लागायला चाळीस वर्षे गेली.

आता असा प्रश्न पडतो की एवढे सगळे न्यायालयात, सरकारदफ्तरी नोंदलेले असताना तीन कोटी लोकांनी त्याच घराला पुन्हा गादीवर कसे बसवले? मुले मूर्ख होती, हे उत्तर मनिलाच्या अनेक शिकलेल्या माणसांनी दिले. अशा मतदारासाठी त्यांच्याकडे एक शब्दही आहे, ‘बोबोतांते’, म्हणजे बुद्दू मतदार. आम्हाला हे उत्तर आळशी वाटते. मोबाइल त्यांच्या हातात कसा आला आणि त्यात काय दिसत होते, हे आधी बघायला हवे.

तिथला सर्वसाधारण माणूस महिन्याचा प्लॅन घेत नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून थोड्या पैशांचा रिचार्ज मारतो, तो संपला की दुसरा. गल्लीत नाणे टाकून काही मिनिटे वायफाय देणाऱ्या पेट्याही असतात. अशा देशात २०१३ पासून ग्लोब या मोबाइल कंपनीने फेसबुक फुकट द्यायला सुरुवात केली. पुढे दुसऱ्या कंपन्याही आल्या. रिचार्ज संपला तरी फेसबुक चालू. ऐकायला ही मोठी मेहेरबानी, पण यात एक गोम होती. फुकट मिळायचे ते फेसबुकच. त्यात कोणी बातमीचा दुवा टाकला तर मथळा वाचता यायचा, तो उघडून मूळ बातमी वाचायला मात्र पैसे लागत. म्हणजे गरिबाच्या मुलाला मथळा फुकट आणि खरेखोटे पाहायचे झाले तर दाम मोजा! आम्हाला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वात महत्त्वाची गोष्ट वाटते. खोटे बोलणारे नंतर आले. त्यांच्यासाठी मैदान आधीच असे आखून ठेवलेले होते. काही वर्षांत फिलिपिनो माणूस समाजमाध्यमांवर जगात सर्वाधिक वेळ घालवणारा ठरला. २०२१ च्या एका जागतिक पाहणीत त्याची रोजची सरासरी ४ तास १५ मिनिटे होती.

याचा पहिला मोठा फायदा घेतला तो रोद्रिगो दुतेर्ते यांनी. दावाओ शहराचे हे महापौर २०१६ च्या निवडणुकीत उतरले तेव्हा टीव्हीवरच्या जाहिरातींसाठी त्यांच्याकडे इतरांइतका पैसा नव्हता. त्यांच्या माणसांनी फेसबुक धरले. परदेशी काम करणाऱ्या फिलिपिनोंचेही गट बांधले. त्या काळात पोप दुतेर्तेंची तारीफ करतात, असे चित्र फिरले. अखेर तिथल्या बिशपांच्या परिषदेला, पोप असे काही बोललेले नाहीत, असा खुलासा काढावा लागला. दुतेर्ते निवडून आले. त्याच वर्षी ‘रॅप्लर’ या वृत्तसंस्थेने शोधून काढले की अवघी २६ बनावट खाती मिळून किमान ३० लाख खात्यांपर्यंत पोहोचत होती. हे छापल्याबद्दल संपादक मारिया रेसा यांच्यावर शिव्यांचा आणि पुढे खटल्यांचा पाऊस पडला. २०२१ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले, तरी खटले चालूच राहिले.

ही खाती चालवतो कोण? जोनाथन ओंग आणि जेसन काबान्येस या दोन अभ्यासकांनी अशा माणसांना गाठून, त्यांच्याशी बोलून २०१८ मध्ये अहवाल लिहिला. त्यातून दिसले की या धंद्याच्या शेंड्यावर जाहिरात आणि प्रसिद्धी क्षेत्रातले चांगले कमावणारे लोक बसलेले आहेत. दिवसा साबणाची जाहिरात, रात्री उमेदवाराची. त्यांच्या खाली हजारो अनुयायी असलेली, नाव लपवून चालवलेली विनोदी किंवा प्रेमाच्या सुविचारांची पाने. आणि सर्वात तळाला बनावट खाती हाकणारी मुले, कित्येक नुकतीच शिकून बाहेर पडलेली, घर चालवायला पैसे हवे असलेली. यांतला कोणीच स्वतःला खोटारडा मानत नव्हता. खरा खोटारडा कोणीतरी दुसराच, असे प्रत्येकाचे म्हणणे. म्हणजे तरुण फक्त फसवला जात नव्हता, फसवण्याच्या कामावर रोजंदारीलाही तोच होता.

मार्कोस घराण्याचे काम मात्र याहून सावकाश आणि याहून खोल होते. १९९१ मध्ये कुटुंब हवाईहून परतले. मग खासदारकी, राज्यपालपद असे करत त्यांनी पाय रोवले. २०१६ मध्ये बोंगबोंग उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक याच रोब्रेडो बाईंकडून २,६३,४७३ मतांनी हरले. त्यानंतरची सहा वर्षे यूट्यूब, फेसबुक आणि नंतर टिकटॉकवर थोरल्या मार्कोस यांचा काळ म्हणजे देशाचा सुवर्णकाळ, हे गाणे अखंड वाजत राहिले. यात सरळ प्रचार थोडाच असे. जुनी रंगीत छायाचित्रे, मागे हळवे संगीत, समार आणि लेते बेटांना जोडणारा सान हुआनिको पूल, मनिलाचे हृदयरोग रुग्णालय. पूल खरा आहे, रुग्णालयही खरे आहे. आजही लोक ते वापरतात. खोटे असते ते खालचे वाक्य, की तेव्हा देश श्रीमंत होता. त्याच राजवटीच्या अखेरीस परदेशी कर्ज २५ अब्ज डॉलरच्या वर गेले होते आणि १९८४ व १९८५ अशी लागोपाठ दोन वर्षे अर्थव्यवस्था दरसाल ७ टक्क्यांहून अधिक आक्रसली होती. पण पुलाचे चित्र दिसते, कर्जाचे कसे दाखवणार?

ताल्यानो सोन्याची कथा तर याहून अजब. ताल्यानो नावाचे एक राजघराणे होते, त्याने तरुण वकील मार्कोस यांना फी म्हणून टनावारी सोने दिले, म्हणून ते श्रीमंत. चोरी वगैरे काही नाही. आणि घराणे पुन्हा सत्तेवर आले की ते सोने गरिबांत वाटले जाईल. असे राजघराणे कधी नव्हतेच. स्वतः बोंगबोंग यांनीही आपण असले सोने पाहिलेले नाही असे मुलाखतीत सांगितले. तरी कथा फिरत राहिली. कर्जात बुडालेल्या घराला ती ऐकायला गोड वाटते, यात नवल काय?

तरुणांना ओढण्यात आणखी एक गोष्ट होती. बोंगबोंग यांनी प्रचारात बहुतेक वादविवाद टाळले, निवडणूक आयोगाच्या चर्चांनाही ते गेले नाहीत. त्याऐवजी स्वतःच्या वाहिनीवर ते घरगुती चित्रफिती टाकत. बायको, मुले, जेवणाचे टेबल, थट्टामस्करी. त्यांचा थोरला मुलगा सँड्रो टिकटॉकवर इतका गाजला की पोरीबाळी त्याच्या नावाने उसासे टाकू लागल्या. त्याच निवडणुकीत तोही खासदार झाला. या चित्रफितींत कोणी मत मागत नव्हते. रोज थोडे थोडे पाहून ती माणसे आपल्या नात्यातलीच वाटू लागतात आणि मग कोणी त्यांच्याबद्दल वाईट बोलले की आपल्यालाच लागते. वादविवादात हरवता येईल असा उमेदवारच उरत नाही.

दुसऱ्या बाजूला लेनी रोब्रेडो. पेशाने वकील, २०१२ मध्ये पती विमान अपघातात गेले, पदरी तीन मुली. त्यांच्यावर अफवांचा मारा असा की खरेखोटे तपासणाऱ्या ‘त्सेक’ या गटाने खोट्या माहितीचा सर्वाधिक फटका त्यांनाच बसल्याचे नोंदवले. खोट्या माहितीचा फायदा कोणाला होत होता, तेही त्यांनी सांगितले: मार्कोस यांना. बाईंना बुद्धीच नाही असे भासवणाऱ्या कापून जोडलेल्या चित्रफिती निघाल्या. ऐन निवडणुकीत त्यांच्या मुलीच्या नावाने घाणेरड्या चित्रफितीचा बनावट दुवा फिरवला गेला. बाई उमेदवार असली की चिखल कुठून सुरू होतो हे सगळीकडे सारखेच. एकदा त्यांनी मदतनिधीसाठी लुगाव, म्हणजे तांदळाची पेज, विकली होती. त्यावरून विरोधकांनी त्यांचे नाव ‘पेजवाली’ पाडले. त्यांच्या तरुण समर्थकांनी काय करावे? पेजेचीच पातेली चढवली आणि चौकाचौकांत फुकट वाटली. गुलाबी कपडे घालून लाखोंच्या सभा भरल्या, त्यांत मुख्यतः विशी-तिशीतलीच मुलेमुली. पुढे ती दारोदार गेली, दाराशी उभी राहून अनोळखी काकू-काकांशी बोलली. चांगले काम होते, पण ते सुरू झाले निवडणुकीच्या काही महिने आधी. समोरच्यांनी मेहनत घेतली होती वर्षानुवर्षे.

इथे एक सावधगिरी हवी. सारा दोष मोबाइलवर टाकून मोकळे होणे सोपे आहे आणि चुकीचेही. मार्कोस यांचा उत्तरेकडचा इलोकोस हा बालेकिल्ला जुना आहे. मिंदानाओची मते आणायला दुतेर्तेंची मुलगी सारा उपराष्ट्राध्यक्षपदासाठी जोडीला होती आणि तिला मार्कोस यांच्याहूनही जास्त मते पडली. मोरो नेतृत्वाच्या एका मोठ्या पक्षाने रोब्रेडोंना पाठिंबा दिला होता, तरी मिंदानाओचा कौल मार्कोस-दुतेर्ते जोडीलाच गेला. किलोला २० पेसोने तांदूळ देऊ, हे मार्कोस यांचे आश्वासन भुकेल्या पोटाला कळणारे होते. आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे १९८६ च्या क्रांतीनंतर सत्ता पुन्हा ठरावीक जमीनदार घराण्यांतच फिरत राहिली. ज्या मुलाच्या बापाची झोपडी लोकशाहीच्या तीस वर्षांतही झोपडीच राहिली, त्याला लोकशाही वाचवा म्हणून हाक मारली तर तो काय ऐकणार? मोबाइलने ही निराशा पैदा केली नाही, तिला एक खोटी आठवण पुरवली.

खोट्या आठवणीला जागा मिळते ती खरी आठवण कोणी सांगितलेली नसते तेव्हा. शाळेच्या पुस्तकांत लष्करी कायद्याचा काळ फार त्रोटक आला. २०२३ मध्ये तर सहावीच्या अभ्यासक्रमातल्या ‘मार्कोस हुकूमशाही’ या शब्दांतून मार्कोस हे नाव काढून नुसते ‘हुकूमशाही’ ठेवले गेले. तेव्हा शिक्षणखाते सारा दुतेर्तेंकडे होते. राहिली घरे. तुरुंगात गेलेल्यांपैकी अनेकांनी घरी तोंड उघडले नाही. काहींना लाज वाटत होती, काहींना भीती, काहींना वाटले की मुलांच्या मनावर कशाला ओझे. आम्हाला यात दोष द्यावासा वाटत नाही. जे सोसले ते जेवणाच्या ताटावर सांगणे सोपे नसते. पण नातवाने जेव्हा यूट्यूबवरून सुवर्णकाळाची गोष्ट आणली, तेव्हा तिच्यासमोर ठेवायला घरात दुसरी गोष्ट नव्हती. मालिस्बोंगच्या बायकांनी आपली गोष्ट सांगितली, दरवर्षी सांगितली, म्हणून निदान त्या गावात ती टिकली.

२०२२ नंतर अनेकांनी तिथल्या तरुणांचे नाव टाकून दिले होते. मग १२ मे २०२५ ला सिनेटच्या १२ जागांची निवडणूक आली. पाहण्यांत मागे दिसणारे बाम आकिनो थेट दुसऱ्या क्रमांकावर आले, २ कोटींहून अधिक मते घेऊन. त्यांचे सहकारी किको पांगिलिनान पाचवे आले. दोघेही रोब्रेडोंच्या बाजूचे. जाणकारांनी याचे श्रेय मुख्यतः तरुण मतदारांना दिले. या वेळी त्यांचा प्रचार हुकूमशाहीच्या आठवणींभोवती फिरत नव्हता. सरकारी महाविद्यालयांतले शिक्षण मोफत करणारा २०१७ चा कायदा आणण्यात बाम यांचा मोठा हात होता. ज्यांची फी त्या कायद्याने वाचली ती मुले आता मतदार होती, आणि हे सांगायला त्यांनी तेच टिकटॉक वापरले. त्याच निवडणुकीत पहिला क्रमांक मात्र दुतेर्तेंचे जुने सहाय्यक बोंग गो यांनी पटकावला. तेव्हा मोबाइल एकाच दिशेला ओढतो असे कोणी म्हणू नये.

निवडणूक आयोगाने, ज्याला तिथे कोमेलेक म्हणतात, २०२४ मध्ये नियम काढला की उमेदवारांनी आपली समाजमाध्यमांवरची खाती नोंदवावीत आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली तर तसे सांगावे. नियम चांगला, पण उमेदवाराचे स्वतःचे खाते हा कधी मुख्य त्रास नव्हताच. जून २०२५ मध्ये सारा दुतेर्तेंवरच्या महाभियोगाला विरोध करणाऱ्या शाळकरी मुलांची एक चित्रफीत फिरली. गणवेशातली गोंडस मुले, कॅमेऱ्यासमोर शहाण्यासारखी बोलणारी. सिनेटर रोनाल्ड देला रोसा यांनी ती आपल्या पानावर टाकली. ती मुले अस्तित्वातच नव्हती, यंत्राने बनवलेली होती. देला रोसा म्हणजे दुतेर्तेंच्या काळातले पोलीसप्रमुख, अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेचे चेहरा. त्या मोहिमेत सरकारी आकड्यानेच ६,००० हून अधिक माणसे मारली गेली, मानवी हक्क संघटना आकडा याहून खूप मोठा सांगतात. त्याच प्रकरणी स्वतः दुतेर्तेंना मार्च २०२५ मध्ये अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात नेले.

तिथे बरांगाय म्हणजे गाव किंवा मोहल्ला. त्याच्या युवक मंडळाच्या निवडणुकीत १५ वर्षांपासूनची मुले मत देतात. पुढची निवडणूक नोव्हेंबर २०२६ मध्ये ठरली आहे. त्यात पहिल्यांदा मत देणारा पंधरा वर्षांचा मुलगा दुतेर्ते निवडून आले तेव्हा पाच वर्षांचा होता. मोहल्ल्यात रात्री गोळ्या झाडल्या जात तेव्हा तो झोपलेला असेल, किंवा त्याच्या अम्मीने दार लावून त्याला आत ओढले असेल. त्या सहा वर्षांच्या चित्रफिती त्याच्या मोबाइलवर आत्ताच येऊ लागल्या आहेत: स्वच्छ रस्ते, घाबरलेले गुंड, मागे हळवे संगीत.